आय हॅव अ डाउट, सर

थांबा. हातातली चकली आधी संपवा, मग वाचा. हे पान तुम्ही का उघडलंय ते मला माहितीय. गणपतीत अध्यक्षांचा आवाज काढणारा तो बेसमेंटमधला मंगेश, आता लिहितोय म्हणजे हसवणार. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना आडव्या झालेल्या काकांचं असेल, नाहीतर एअरपोर्टवर फुटलेल्या लोणच्याचं असेल. नाहीये. दोन बॅगा घेऊन उतरलो आणि पहिल्यांदा बर्फ बघितला, हेही नाहीये. एडमंटन आहे, बर्फ असणारच, तो पडतोय तिकडे पडू द्या.

संपादक काकूंनी मंडळाच्या अंकासाठी नोकरीचा अनुभव लिही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, काकू, अनुभव रिटायर माणसं लिहितात, मी अजून तिशीला टेकलो नाही. त्या म्हणाल्या, ‘तू कॉलेजात मुलांना बोलायला लावतोस ना, त्याच्यावर काहीतरी गमतीदार लिही.’ बोलायला लावतो हे बरोबर आहे. गमतीदारचं नंतर बघू.

आधी धंदा समजून घ्या. मी टीए आहे, टीचिंग असिस्टंट. प्रोफेसर मोठ्या हॉलमध्ये लेक्चर देतात, समोर पोरांचा समुद्र. मग आठवड्यातून एकदा त्या समुद्राच्या बादल्या भरतात आणि एकेक बादली एकेका टीएच्या खोलीत ओततात. त्याला ट्यूटोरियल म्हणतात. गोल बसायचं आणि त्या आठवड्याच्या रीडिंगवर बोलायचं. आमचा विषय आहे शाळा आणि समाज. गरिबाच्या पोराला शाळेत काय होतं, ज्याची भाषा वेगळी त्याला काय होतं, असली रीडिंग्ज. बसणारे बहुतेक पुढे शाळेतच काम करणारे. बोललं की मार्क मिळतात, पार्टिसिपेशनचे. ते मी देतो.

रीडिंग कोणी वाचत नाही. हे एकदा मान्य केलं की नोकरी जमते. ‘मला हे खूप रेझोनेट झालं’ म्हणजे वाचलं नाही. ‘आय अ‍ॅग्री विथ हर’ म्हणजे वाचलं नाही आणि तिचं ऐकलंही नाही. टीएचं खरं काम म्हणजे प्रश्न टाकून गप्प बसणं. ते फार अवघड. पहिल्या टर्मला मला ती शांतता सोसायचीच नाही. मग मीच प्रश्न विचारायचो आणि मीच उत्तरं द्यायचो, वेगवेगळ्या आवाजात. रीडिंगमधला हेडमास्तर असला की थकलेला हेडमास्तर, पालक असले की चिडलेले पालक. पोरं हसायला लागली, हसता हसता बोलायला लागली. प्रोफेसर हेलन म्हणाल्या, ‘मंगेश, तुझ्या ग्रुपची अटेंडन्स फार छान आहे.’ सर्कसची पण असते.

आवाज काढायला मी शाळेतच शिकलो. माझं गाव वाशिम जिल्ह्यातलं. घरी आम्ही मले, तुले बोलायचो. शाळेत वानखडे सर मले म्हटलं की पट्टी मारायचे. मला म्हण, मला. मग मी पुस्तकातल्या मुलासारखं बोलायला लागलो, जसं नाटकात बोलतात तसं. ती माझी पहिली मिमिक्री. सरांना वाटलं पोरगं सुधारलं.

हेच सर तास संपताना खडू वर उडवून झेलायचे आणि विचारायचे, ‘कोणाला काही शंका?’ म्हणजे आहे का कोणाची हिंमत? आम्ही एका सुरात म्हणायचो, ‘नाही, सर.’ तेवढी एक शंका सगळ्यांना असायची, करंगळी वर करून विचारायची, तीही आम्ही दाबून ठेवायचो.

शंकेचं इंग्रजी डाउट. हे आपल्याकडे कॉलेजात घट्ट बसतं. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी हेलनना गाठून म्हणालो, ‘मॅम, आय हॅव अ डाउट अबाउट युअर लेक्चर.’ बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला ऑफिसात नेलं, दार लावलं, खुर्ची दिली. ‘कशाबद्दल संशय आहे तुला? मोकळेपणाने सांग.’ मला फक्त लेक्चरमध्ये सांगितलेली असाइनमेंट कधी द्यायची ते विचारायचं होतं. इथे डाउट म्हणजे माझा तुमच्यावर विश्वास नाही. तेव्हापासून तो शब्द मी तोंडातून काढून टाकला. ही गोष्ट मी मंडळात सांगितलीय, तुम्ही हसलायत. हसायची शेवटची जागा तीच होती असं समजा.

आता माझ्या गिऱ्हाइकांबद्दल. टायलर नावाचा एक पोरगा, हॉकीची जर्सी घातलेला, कायम मागे रेललेला. एका आठवड्याचं रीडिंग होतं वर्गातल्या डब्यांतून खाणं चोरणाऱ्या मुलाबद्दल. मी नेहमीसारखा चिडलेल्या बाईंचा आवाज काढला. सगळे हसले. टायलर म्हणाला, ‘मी वाचलं नाहीये. बट आय वॉज दॅट किड.’ बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात तो परत हॉकीवर. मी त्याला पूर्ण मार्क दिले आणि मला फार मोठं मन असल्यासारखं वाटलं.

दुसरी डोरीन. पन्नाशीची असेल, क्री, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी. शाळेत मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं काम करून आता शिक्षिका व्हायला आलेली. ती प्रत्येक पान वाचून यायची. मोजकं बोलायची, बोलली की पोरं फोन खाली ठेवायची.

आणि तिसऱ्या स्मिताताई. त्यांना तुम्ही ओळखता. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेच्या बाई. मुलांना स्टार द्यायच्या आणि मूल इंग्रजी बोललं की स्टार परत घ्यायच्या. त्यांनी शाळा का सोडली यावर तुम्ही पॉटलकला प्लेटी हातात धरून बोलताय. कोणी म्हणतं पाठ दुखते, कोणी म्हणतं सासूबाई आल्या. तर ऐका.

स्मिताताई मूळच्या अचलपूरच्या. लग्नाआधी मेळघाटात शिक्षिका होत्या. इथे आल्यावर बरीच वर्षं घरी. मग ठरवलं, परत मुलांच्या वर्गात उभं राहायचं. त्यासाठी हा कोर्स पास होणं भाग होतं, तरच पुढच्या टर्मला खऱ्या शाळेत प्रॅक्टिकमला पाठवतात. मी विचारलं, ताई, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, ‘मला दुसरं काही येतच नाही हो सर. वर्गात शिरले की मला माझी उंची वाढल्यासारखी वाटते.’ मला सर म्हणायच्या. माझ्यापेक्षा मोठ्या, घरी मला पिठलं-भाकरी वाढणार, आणि सर. मी सांगून थकलो.

पण ट्यूटोरियलमध्ये तोंड उघडायच्या नाहीत. पार्टिसिपेशन शून्य. पेपर कितीही चांगले लिहिले तरी त्यावर पास होणं अवघड. एकदा दोघं एलआरटीने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, घरी येत होतो. त्या म्हणाल्या, ‘ती डोरीन सारखं माय कोकम, माय कोकम काय म्हणते हो? इथे कोकम मिळतं?’

‘ताई, त्यांच्यात आजीला म्हणतात.’

‘अगंबाई!’ पदर नव्हता म्हणून त्यांनी मफलर तोंडाला लावला. ‘आणि मी सोलकढीचा विचार करत होते.’

हसल्या तेवढ्यात मी विषय काढला. ताई, एक वाक्य बोला. नापास व्हाल. त्या म्हणाल्या, ‘माझं इंग्रजी ऐकून ही मुलं हसतील.’ मी म्हटलं, मत मांडू नका, नुसती शंका विचारा. शंका विचारायला काय जातं?

अशी मी मराठीत काशी केली.

पुढच्या आठवड्याचं रीडिंग एका बाईंच्या आठवणींचं होतं. इथे पूर्वी मूळच्या लोकांच्या पोरांना घरातून उचलून वसतिशाळेत ठेवायचे, सरकार आणि चर्च मिळून. केस कापायचे, नाव बदलायचे, भाषा तोडायचे. त्यातल्या शेवटच्या पानावर एक शिक्षिका आहे. पोरगी इंग्रजीत मागेपर्यंत ती तिला ब्रेड देत नाही. बशी हातात धरून, गोड हसत उभी राहते. त्या आठवड्यात मी आवाजबिवाज काढत नाही. डोरीन म्हणाली, शेवटचं पान मी वाचते. तिची कोकम अशाच शाळेतली. तिने वाचलं, पुस्तक मांडीवर ठेवलं. मी शांतता राहू दिली, पहिल्यांदा मला ती सोसली.

आणि स्मिताताई उठून उभ्या राहिल्या. इथे कोणी उभं राहत नाही. हात सरळ वर, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्यासारखा.

‘सर, आय हॅव अ डाउट.’

डोरीनने मान वळवली. आवाज अगदी हळू. ‘डाउट? कुठल्या भागाबद्दल?’

ताईंना वाटलं, विचार म्हणतेय. ‘लास्ट पेज,’ त्या उत्साहाने म्हणाल्या. ‘टीचर पार्ट.’

डोरीन उठली. आता, कॅनडात रागाने निघून जाणं सोपं नसतं. आधी स्कार्फ, मग कोट, मग चेन, टोपी, हातमोजे. ती एकेक घालत होती आणि खोलीत फक्त नायलॉनचा आवाज. टायलरसुद्धा सरळ बसला. तिचा एक हात बाहीत गेला तेव्हा मला वाचा फुटली. मी म्हटलं, डोरीन, प्लीज, आमच्याकडे डाउट म्हणजे प्रश्न. नुसता प्रश्न. शी मीन्स अ क्वेश्चन.

ती तशीच थांबली. एक बाही घातलेली, दुसरी लोंबतेय. ‘देन आस्क,’ म्हणाली.

ताईंच्या तोवर लक्षात आलं होतं काहीतरी चुकलंय. पण शिक्षक माणूस, उभं राहिल्यावर वाक्य पूर्ण केल्याशिवाय बसत नाही. ‘धिस टीचर,’ त्या म्हणाल्या, ‘शी इज थिंकिंग शी इज गुड टीचर, नो? बिकॉज आय वॉज आल्सो गुड टीचर.’

पुढचंही इंग्रजीतच बोलल्या. मी मराठीत लिहितो, तेवढ्यासाठी की कोणी त्या इंग्रजीला हसू नये.

म्हणाल्या, मी आश्रमशाळेवर होते. आदिवासी मुलं, कोरकू बोलणारी, गावं लांब, तिथेच राहायची. पहिलीतला एक मुलगा पाण्याला डा म्हणायचा. मी म्हणायचे, पाणी म्हण, मग देते. उन्हाळ्याचे दिवस. मी माठापाशी पेला हातात धरून उभी राहायचे. मारलं कधीच नाही, हसत उभी राहायचे. शेवटी एके दिवशी म्हणाला. पाणी. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मला पुढे शाल-श्रीफळ मिळालं, चांगली शिक्षिका म्हणून. माझी शंका एवढीच आहे, या पानावरच्या बाईला रात्री झोप लागायची का? कारण मला लागायची. गाढ.

मी डोरीनकडे बघू शकलो नाही, तिच्या लोंबणाऱ्या बाहीकडे बघत होतो.

‘शी स्लेप्ट फाइन,’ डोरीन म्हणाली. ‘माझी कोकम तिच्या टीचरला ख्रिसमसला कार्ड पाठवायची. ती टीचर मरेपर्यंत. शी लव्हड हर. तेच सगळ्यात वाईट.’ मग तिने दुसरा हात बाहीत घातला. ‘त्या मुलाचं नाव काय होतं?’

ताईंनी तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

डोरीनने चेन वर ओढली आणि गेली.

त्या दिवशी एलआरटीत ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या, पण खिडकीकडे तोंड करून. मध्ये एकदा ओठ हलले. मला वाटलं माझ्याशी बोलतायत. त्या नावं म्हणून बघत होत्या. सुरेश. रामलाल. सुखदेव. मान हलवायच्या, नाही, पुढचं.

मग हेलननी मला बोलावलं. कॅनेडियन माणूस रागावतो कसा, सांगतो. ‘आय अ‍ॅम जस्ट वंडरिंग’ पासून सुरुवात होते आणि ‘रिसोर्सेस’ वर संपतं. आय अ‍ॅम जस्ट वंडरिंग मंगेश, तू तिथेच चर्चा थांबवायला हवी होतीस का? दोघींना काउन्सेलिंगचा नंबर दिलास का? मी नंबर दिला नव्हता. मला सुचलंच नाही. मी ‘येस, हेलन’ म्हणालो, हुबेहूब हेलनच्या आवाजात, आणि तेही मला बाहेर आल्यावर कळलं.

पुढच्या आठवड्यात ताईंची खुर्ची रिकामी. दोन दिवसांनी कॉलेजचा मेसेज आला, स्टुडंटने कोर्स ड्रॉप केला. आपल्या मराठी शाळेलाही त्यांनी त्याच आठवड्यात नाही सांगितलं. डोरीन मात्र आली. आपल्या जागी बसली, पान उघडलं, मग विचारलं, ‘ती लेडी कुठेय?’

मी म्हटलं, कोर्स सोडला तिने.

‘हं,’ ती म्हणाली. ‘सोडता येतो का? बरंय. आमच्या लोकांना ती शाळा नव्हती सोडता आली.’

त्या दिवशी कोणालाच काही रेझोनेट झालं नाही.

मी ताईंकडे गेलो. त्यांना परत आणायचं हे डोक्यात पक्कं होतं. ड्रॉप मागे घ्यायला अजून मुदत होती, हेलन सही करायला तयार होत्या. पोहे केले होते त्यांनी. मी बशी घेऊन उभ्यानेच बोलत सुटलो. एवढी वर्षं वाट बघितलीत, एका तासावरून सोडता का? तुमच्यासारखी माणसं नकोत तर कोण हवीत वर्गात? त्या ओटा पुसत होत्या, पुसलेलाच ओटा परत.

तेवढ्यात त्यांची मुलगी आली, रेवा, सहा वर्षांची. ‘मम्मा, कॅन आय हॅव मिल्क?’

या घरात मी आधी जेवलोय. हा खेळ मला पाठ आहे. ताई ग्लास वर धरायच्या आणि म्हणायच्या, दूध म्हण, मग देते. पोरगी हाताची घडी घालून फुगायची, शेवटी म्हणायची, दूध दे ना आई. आम्ही सगळे पाहुणे टाळ्या वाजवायचो. तुमच्यातलेही बरेच जण होते. बघा, कसं मराठी टिकवलंय.

ताईंनी ग्लास भरला आणि तिच्या हातात दिला. रेवा ग्लास घेऊन तिथेच उभी राहिली, आईकडे बघत. तिला पुढचं वाक्य माहीत होतं, ते आलं नाही. मग ती गेली.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, ताई, डोरीन विचारत होती तुमच्याबद्दल. आणि ती काय म्हणाली तेही सांगितलं.

‘बरोबर बोलली,’ ताई म्हणाल्या.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. ‘आणि पास व्हायची काळजी नको. त्या दिवसाचं पार्टिसिपेशन मी तुम्हाला पैकीच्या पैकी दिलंय.’

त्यांचा हात ओट्यावर थांबला. ‘काय देल्लं?’

स्मिताताईंच्या तोंडून मी कधी वऱ्हाडी ऐकलं नव्हतं. फोनवर आईशीसुद्धा पुस्तकासारखं बोलणाऱ्या बाई. त्यांनाही कोणीतरी वानखडे सर भेटले असणार.

‘मार्क,’ मी म्हटलं. ‘पूर्ण.’

‘काहून रे? पाढे म्हनून दाखवले का मी तिथं? पोराचं नाव नाही आठवलं मले. नापास झाली मी, सगळ्यायच्या समोर, अन तू पैकीच्या पैकी देऊन राह्यला? उत्तर तं डोरीननं देल्लं. तिले किती देल्ले?’

मी पोह्यांकडे बघितलं. वेळेआधी खोली सोडली की सिस्टममध्ये एक बटण असतं, लेफ्ट अर्ली. ते दाबलं की मार्क अर्धे होतात. मी ते दर आठवड्याला दाबतो, कोणाकोणाचं.

‘कापले?’ ताई म्हणाल्या. ‘कापले ना तिचे?’

‘नियम आहे, ताई.’

‘नियम मलेही होता.’

मी खाली मान घातली. त्यांनी ओट्यावर फडकं आपटलं. ‘मान वर कर. मी बोलून राह्यली ना? उद्या सकाळी जाय, पहिले तिचे मार्क भर. माझे काढ. अन मले परत बलवाले येऊ नको, मी नाही येत. नाव आठवल्याबिगर मी कोन्या लेकराच्या समोर उभी नाही राहत. अन हे मंडळाच्या अंकात लिहिशीन, मले माहीत हाय, तुले राहवनार नाही. लिही. खरं नाव टाक माझं. पन हसवू नको लोकायले. अन माझा आवाज काढून दाखवला कोनाले, तं पाय ठेवू नको इथं. समजलं? काही शंका?’

‘नाही, बाई.’